डावं मनगट

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकले नाही. कारण घरच्यांना ठाऊक आहेच, भाच्याचा अपघात.

डोकं, बरगड्या, मांडीचं हाड... चार दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी जीव वाचवला, ते उपकार विसरणार नाही. पण अठराव्या दिवशी वॉकर धरायला लावला आणि पोरगा कळवळला. डावं मनगट मोडलेलं होतं! त्याचा एक्स-रे कुणी काढलाच नव्हता. हाड वाकडं जुळू लागलं होतं. आणि हा तबला वाजवणारा. डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा काढायचा तो कसा?

मी चिडलेच. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आधी श्वास, रक्तस्राव, मेंदू. सीटी स्कॅन डोक्यापासून ओटीपोटापर्यंत झाला, हातपाय त्यात येत नाहीत. शुद्धीवरचा माणूस "इथे दुखतंय" म्हणतो, बेशुद्ध काय सांगणार? मला माझ्या वर्गातली गप्प बसणारी मुलं आठवली. त्यांच्याकडेही असंच राहून जायचं.

त्यांनीच लोडॉक्स नावाच्या यंत्राबद्दल सांगितलं. मूळ दक्षिण आफ्रिकेतलं, तेही हिऱ्यांच्या खाणीतलं! कामगार हिरे लपवून नेतात का, हे पाहायला डी बिअर्स कंपनीने ते करवून घेतलं. त्याच माणसांना वारंवार तपासायचं म्हणून किरणांची मात्रा अगदी कमी ठेवावी लागली. (माणसावरच्या संशयातून निघालेली वस्तू, हे मला अजून खटकतं.) पुढे केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात, म्हणजे १९६७ साली डॉ. बर्नार्ड यांनी पहिलं हृदयारोपण केलं तिथेच, ते जखमींसाठी वापरून पाहिलं गेलं. इंग्रजी सी अक्षरासारखा दांडा रुग्णावरून सरकतो, किरणांचा बारीक पट्टा अंगावरून फिरतो आणि साधारण १३ सेकंदांत डोक्यापासून पायापर्यंत एकच चित्र. रुग्णाला हलवायचं नाही, कुशीवर वळवायचं नाही. हातपायांची मोठी मोडतोड लगेच दिसते.

तरी बोटांतली, मनगटातली बारीक चीर त्यातूनही निसटू शकते, असंही ते म्हणाले. म्हणून रुग्ण स्थिरावला की एकदा नखशिखान्त हाताने चाचपून बघायचं असतं. आमच्याकडे तेच राहिलं असावं.

आता मनगट पुन्हा मोडून नीट बसवायचं की आहे तसं ठेवायचं, हा प्रश्न आहे. काल भाच्याने डग्गा पुढ्यात ओढला, कव्हर काढलं, आणि पुन्हा घातलं. गुरुवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे जातोय.