राखुंडी

माणसाच्या वयाला साठ वर्षें पूर्ण झालीं, कीं लहानपणच्या सर्व वस्तू त्याला एकाएकीं थोर वाटूं लागतात. विहिरीचें पाणी, चुलीवरची भाकरी, कंदिलाचा उजेड, यांची नांवें घेतांना त्याचा आवाज नकळत हळवा होतो. माझ्या बाबतींत हा मान राखुंडीला मिळाला.

आमच्या कोकणांतल्या घरीं मागील पडवींत एक करवंटी असे व तींत आजीनें केलेली राखुंडी असे. भाताचें तूस मंद धुमसत ठेवून जाळावें, त्याची राख कुटावी, जुन्या धोतराच्या तुकड्यांतून ती गाळावी आणि तींत मीठ व लवंगेची पूड मिसळावी, हा तिचा क्रम मला तोंडपाठ होता. तर्जनीवर ती काळी पूड घेऊन आम्ही भावंडें ओळीनें दांत घासावयास बसत असूं, आणि एकमेकांचीं काळीं तोंडें पाहून हसत असूं. पुढें शहरांत आलों, नळींतली पेस्ट वापरूं लागलों, आणि राखुंडी मागें पडली.

निवृत्तीनंतर हातांस काम उरलें नाहीं, तेव्हां ती आठवण उफाळून आली. गांवाहून मीं पोतेंभर तूस मागविलें, गच्चीवर तें जाळलें, त्यांत हिरडा व बाभळीची साल यांची भर घातली आणि सगळें वस्त्रगाळ करून बरणींत भरलें. आमच्या सौभाग्यवतींनीं चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहिली व "पितळेचा तांब्या छान निघेल हो हिनें!" एवढाच अभिप्राय दिला. मीं तिकडे दुर्लक्ष केलें. मला शिष्य हवा होता, आणि माझी पांच वर्षांची नात त्या कामीं आयती सांपडली. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्हांला खात्री आहे ना? मग माझी ना नाहीं." खात्री तर मला इतकी होती, कीं तिच्या पेस्टची नळी मीं स्वतःच फडताळांत उंच ठेवून दिली.

मात्र पोरीला त्या पुडीची तुरट चव मुळींच रुचेना. तेव्हां मीं एक तोड काढली. दांत घासून झाले, कीं खडीसाखरेचा एक खडा! सकाळीं एक आणि रात्रीं निजण्यापूर्वीं एक. आजोबा व नात दोघेंही खूष होतीं.

वर्षभरानें एका रात्रीं ती गाल धरून रडत उठली. दुसऱ्या दिवशीं दंतवैद्यांनीं पाहिलें, तों खालच्या दोन दुधाच्या दाढा किडलेल्या, आणि त्यांतील एक काढण्यावांचून गत्यंतर नव्हतें. "दांत कशानें घासते?" असें त्यांनीं विचारतांच मीं माझ्या राखुंडीची सारी कुळकथा मोठ्या अभिमानानें सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकली. खडीसाखरेचें मात्र मीं कांहीं बोललों नाहीं. तें नातीनेंच सांगितलें.

"आजोबा," ते म्हणाले, "राखेनें दाढ किडली असें मी म्हणत नाहीं. पण कीड अडवील असें तिच्यांत कांहींच नव्हतें."

मग त्यांनीं मला जें समजाविलें, तें मीं आधींच वाचावयास हवें होतें. तोंडांतील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांतावरील एनॅमलच्या कवचांतील खनिज विरघळवितें. लाळ त्यांतलें कांहीं परत भरून काढते, व फ्लोराईड या कामीं तिला मदत करतें. रात्रीं लाळ कमी सुटते, म्हणून निजतांनाची साखर अधिक बाधते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं फ्लोराईडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादींत केला, तो याचसाठीं. तुसाच्या राखेंत बहुतांश सिलिका असते. ती खरबरीत राहिली तर कवच झिजवते, आणि एनॅमलमध्यें जिवंत पेशी नसल्यामुळें झिजलेलें कवच पुन्हां वाढत नाहीं. फ्लोराईडचाही अतिरेक वाईटच. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील कांहीं गांवांत विहिरींच्या पाण्यांतून तें जास्त पोटांत गेल्यानें दांतांवर कायमचे डाग पडलेले आहेत. म्हणून लहान मुलांना पेस्ट वाटाण्याएवढीच द्यावी व ती थुंकावयास शिकवावें.

घरीं येऊन मी पुष्कळ वेळ स्वस्थ बसून राहिलों. आजीची राखुंडी मला तपशिलासह आठवत होती. पण आजीचें तोंड? तें आठवावयास मला थोडा प्रयत्न करावा लागला. आणि आठवलें तें असें, कीं ती भाकरी नेहमीं दुधांत कुसकरून खात असे. माझ्या आठवणींतल्या आजीला पुढचे दोन दांत सोडले, तर दांत नव्हतेच! आणि त्या पडवींत करवंटी एक नव्हती, दोन होत्या. दुसरींत मशेरी असे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून आजीच ती कुटी, व दिवसांतून चारपांच वेळां हिरड्यांना लावी. तीही घरचीच होती, झाडापासूनचीच होती. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास सरकारनें १९९२ सालीं बंदी केली. परंतु घरच्या तव्याला बंदी कोण करणार? मुखाच्या कर्करोगाचें तें एक कारण आहे हें आजीला ठाऊक नव्हतें. मला तें ठाऊक होतें, आणि तरीही आठवणींतून दुसरी करवंटी मीं सोयीस्करपणें उचलून ठेवली होती.

आजीचा यांत दोष नाहीं. तिच्यापाशीं जें होतें, त्यांतून तिनें नातवंडांसाठीं शक्य तें केलें. माझ्यापाशीं त्याहून पुष्कळ होतें, आणि मीं तें फडताळांत उंच ठेवून दिलें.

आतां ती नळी खालीं आली आहे. निजण्यापूर्वीं नातीच्या ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट मीच लावतों व ती दांत घाशीपर्यंत शेजारीं उभा राहतों. काढलेल्या दाढेची जागा ती हंसली कीं दिसते. राखुंडीची बरणी मोरीजवळ गेली आहे. पितळेचा तांब्या तिनें खरोखरच छान निघतो.