आईचं अर्धं हसू

आईचा उजवा कान कित्येक वर्षं वाहायचा. आत हाड पोखरणारा कोलेस्टिॲटोमा निघाला, ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी चहा ओठांच्या कडेनं ओघळला आणि उजवा डोळा मिटेना. शेजारच्या काकू घाबरल्या, "वारं गेलं की काय!"

वारं नव्हतं. चेहरा हलवणारी सातवी नस कानातल्या हाडाच्या अरुंद नळीतून जाते. रोग तिथवर पोचला असेल, तर तो साफ करताना नसेला धक्का लागू शकतो किंवा मागाहून सूज येते. म्हणून डॉक्टरांनी आधी विचारलं, "शुद्धीवर आल्या तेव्हा चेहरा सरळ होता का?" भूल उतरल्यावरही अर्धा चेहरा पूर्ण लुळा असेल, तर नसेला इजा झाल्याची शंका येते आणि कान पुन्हा उघडावा लागू शकतो. काही दिवसांनी आलेला लुळेपणा बहुधा सुजेचा असतो आणि बहुतेक वेळा भरून येतो. आईचा तसाच होता. स्टेरॉइड सुरू झालं.

खरी काळजी डोळ्याची. मिटला नाही तर बुबुळ कोरडं पडून जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी. ही ड्यूटी माझी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र आई कुठंच गेली नाही. "हसले तर वाटेल, वेडावून दाखवतेय." शेवटी गल्लीतल्या बायकाच वाण घेऊन घरी आल्या. आई ओठांवर पदर धरून हसली. तो पदर खाली यायला दोन महिने लागले.

तुमच्या घरी कुणाचं कानाचं ऑपरेशन झालं, तर शुद्धीवर येताच त्यांना डोळे घट्ट मिटायला आणि दात दाखवायला सांगा. काय दिसलं ते वेळेसकट लिहून ठेवा. पुढं डॉक्टर तेच विचारतात.