पेटीखालची धूळ

वडिलांच्या पश्चात त्यांची प्रीमियर पद्मिनी शिरूरच्या घरामागे सहा वर्षे उभी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, १०८९ सीसी इंजिनाची ही गाडी. पत्र्याची पेटी घेऊन मी प्रथम दौंडला, आपल्या वसतिगृहात आलो, तो याच गाडीतून.

तिला नवा रंग देण्याची मला घाई होती. मिस्त्री म्हणाले, "आधी धुऊ, मग बोलू." आसनाखालची उंदरांची घरटी काढली, तळाचा चिखल धुतला. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले. दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरले. पण चालकाच्या दाराखाली लोहचुंबक चिकटेना. रंगाखाली पत्रा गंजून गेला होता. उरली होती नुसती पुट्टी.

मला ते वर्ष आठवले. माझ्या अभियांत्रिकी प्रवेशाचे पैसे भरून आल्यावर वडील म्हणाले होते, "गाडीचंही काम उरकलं बघ."

वसतिगृहात पेटी उचलूनच झाडायचे, असा दंडक होता. खालची धूळ पाहून लाज वाटे, पण ती निघून जाई.

"यावरच रंग मारू?" मिस्त्रींनी विचारले.

"नको," मी म्हणालो. "कापा. नवा पत्रा बसवा."

वडिलांनी माझ्यासाठी झाकलेले मला उशिरा दिसले होते. ते पुन्हा झाकावेसे वाटले नाही.