किनाऱ्यावरचे सुकाणू

नौकेची प्रतिकृती घडविणे ही एक कला आहे. ती पाण्यावर सोडून किनाऱ्यावरून हाकणे ही मात्र निराळीच विद्या. पहिल्या कलेत आमच्या किनाऱ्यावरील सुतार आणि तांडेल निष्णात. त्यांच्या घरांतून काचपेटीत ठेवलेल्या सुबक होड्या पाहुण्यांचे लक्ष वेधून घेतात. दुसऱ्या विद्येशी आमचा परिचय गेल्या वर्षी झाला आणि तो घडवून आणला आमच्या धर्मग्रामातील एका सतरा वर्षांच्या मुलाने. सेमिनरीत असताना फावल्या वेळी आम्ही सोबत्यांचे ट्रान्झिस्टर दुरुस्त करीत असू, ही वार्ता त्याच्या कानी कोणी घातली, देव जाणे!

या मुलाचे आजोबा जुने तांडेल. 2009 च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आले, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे या पोराचा बाप, समुद्रावरून परतला नाही. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत आजोबांनी सागवानी ठोकळा कोरून त्या बोटीची दोन हात लांबीची प्रतिकृती घडविली. नातवाला ती तळ्यात चालवायची होती. आता, पंख्याचा दांडा बाहेर काढायचा म्हणजे पाणरेषेच्या खाली भोक पाडणे आले. आजोबांनी साफ नकार दिला. "फादर, बोटीला पाण्याखाली भोक पाडायला मला सांगू नका," एवढेच ते बोलले. आम्हीही तो विषय वाढविला नाही. मुलाला इतकेच सुचविले की, आधी सारी सामग्री टेबलावर मांडून चालवून दाखव. भोकाचे पुढे पाहू.

वाचकांना नवल वाटेल, पण बिनतारी नियंत्रणाचा पहिला जाहीर प्रयोग नौकेवरच झाला. 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी हौदातील एक लहानशी लोखंडी नौका तारेवाचून फिरवून दाखविली. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला त्यांना या शोधाचे अमेरिकी पेटंट मिळाले. मार्कोनीच्या संदेशांनी अटलांटिक ओलांडण्याच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट!

आज ही सामग्री खिशात मावते. हाती धरायचा ट्रान्समीटर, नौकेत बसणारा रिसीव्हर, सुकाणू वळविणारा सर्व्हो, मोटरीचा वेग राखणारा स्पीड कंट्रोलर आणि बॅटरी, असा हा पाच जणांचा संसार. रिसीव्हर सर्व्होला सेकंदाला सुमारे पन्नास वेळा विजेचा एक ठोका देतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर सुकाणू सरळ. तो एक मिलिसेकंदाकडे आखडला तर एका बाजूला, दोनकडे लांबला तर दुसऱ्या. एवढ्याशा फरकावर नौकेची दिशा ठरते. म्हणूनच सर्व्होची भुजा आधी घट्ट बसवायची नसते. यंत्र चालू करावे, सर्व्हो मध्यावर येऊ द्यावा आणि मग भुजा काटकोनात बसवून स्क्रू आवळावा. सुकाणूची ओढकाडी कोठे अडखळली तर सर्व्हो सतत कण्हत राहतो आणि बॅटरी फुकट पितो. मुलाने पहिल्या दिवशी ते कण्हणे ऐकून न ऐकल्यासारखे केले. आम्ही मात्र त्याला काडी दोनदा वाकवून सरळ करायला लावली.

पूर्वीची यंत्रे 27 किंवा 40 मेगाहर्ट्झवर चालत. एकाच तळ्यावर दोघांचे स्फटिक सारखे निघाले की, एकाची नौका दुसऱ्याच्या हुकमाने वळे. विलायतेतील हौशी मंडळी म्हणून आपापल्या अँटेनाला रंगीत फिती बांधीत. आताच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या संचांत रिसीव्हरची आपल्या ट्रान्समीटरशी एकदा गाठ घालून दिली की तो दुसऱ्याचे ऐकत नाही. तथापि या लहरींना पाणी वर्ज्य. अँटेनाचे कार्यकारी टोक जेमतेम तीन सेंटिमीटरचे असते. ते तळात दडले तर नौका जवळ असूनही बहिरी होते. आम्ही ते केबिनच्या छताखाली, मोटर आणि बॅटरीपासून दूर, उभे बसविले. मोटरीच्या ब्रशांतून उडणाऱ्या ठिणग्याही रिसीव्हरच्या कानात कुजबुजतात. त्यासाठी तिच्या टोकांवर छोटे कपॅसिटर डाखले.

आजोबा रोज संध्याकाळी दाराशी उभे राहून हे पाहत. टेबलावर सुकाणू हलू लागले, त्या दिवशी ते प्रथमच आत आले आणि त्यांनी विचारले, "आवाज पोचलाच नाही तर?"

या प्रश्नाचे उत्तर यंत्रात आहे. त्याला फेलसेफ म्हणतात. संदेश तुटल्यास काय करायचे, हे रिसीव्हरला आधीच शिकवून ठेवता येते. मुलाचे मत होते, मोटर हळू चालू ठेवून सुकाणू एका अंगाला वळवावे, म्हणजे नौका जागीच घिरट्या घालील. आजोबांनी तळ्याकडे हात केला. "दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. इंजिन बंद कर. वारा तिला पूर्वेच्या घाटावर आणून लावील. फिरत ठेवलीस तर बॅटरी संपेल आणि मग तीही गेली, तूही बसलास." यंत्रशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाने याहून चांगला निवाडा दिला नसता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा गिरमिट आणला. भोक त्यांनीच पाडले. नळी बसविली, तिच्यात ग्रीस भरले, दांडा आणि मोटर एका रेषेत येईपर्यंत चारदा पाचरी बदलल्या. तळाच्या वजनासाठी जाळ्याची जुनी शिसे काढून दिली.

वाडीतले बावखल चाचणीला अपुरे, म्हणून आम्ही गावच्या तळ्यावर गेलो. आधी ट्रान्समीटर चालू, मग नौका. बंद करताना याच्या उलट. हा क्रम मुलाने मोठ्याने म्हणून दाखविला. एकाने नौका हाती धरून काठाकाठाने लांब जात सुकाणू हलते की नाही ते पाहिले आणि मगच ती पाण्यात सोडली. तिने दोन फेऱ्या व्यवस्थित घेतल्या. तिसऱ्या फेरीत, तळ्याच्या मध्यावर, आजोबा म्हणाले, "आता बंद कर."

मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. त्याने ट्रान्समीटरची कळ बंद केली.

पंखा थांबला. नौका थोडी पुढे घसरली, आडवी झाली आणि तशीच राहिली. आजोबा काठी टेकीत पूर्वेच्या घाटाकडे निघाले आणि तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. वाऱ्याने नौका हळूहळू त्यांच्या पायांशी आणली. त्यांनी ती उचलली, केबिन काढून आत बोट फिरविले आणि नातवाला हाक मारली, "आत कोरडी आहे. उद्या शिसे थोडे मागे सरकव. नाळ जड झाली आहे."

- एक धर्मगुरू