सात लेकरांची दप्तरे

आमच्या घरात आम्ही दोघी जावा आणि दोघींची मिळून सात लेकरे. सातही एकाच वेळी शाळेत, अशी तीन-चार वर्षे आम्ही काढली आहेत. शहरातल्या बाईला जून म्हणजे शाळेचा महिना. आपल्याकडे बी, खत आणि शाळा ही तिन्ही खर्चाची तोंडे एकाच पंधरवड्यात उघडतात.

2014 साली मराठवाड्यात जून कोरडा गेला. सोयाबीनचे बी उधारीवर आणून ठेवलेले, आणि आभाळात ढग नाही. त्याच साली जाऊबाईंची थोरली आठवी पास झाली. आठवीपर्यंतची पुस्तके शाळेतून फुकट मिळतात, नववीची मात्र विकत घ्यावी लागतात. मामंजी म्हणाले, "पोरीला एक साल घरी राहू द्या. पाऊस झाला की बघू."

मामंजी मनाने वाईट नव्हते. पण एक साल घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत जात नाही, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. मी स्वतः सातवीनंतर अशीच "एक साल" घरी राहिले, ती राहिलेच.

त्या रात्री जाऊबाई आणि मी सगळी जुनी दप्तरे ओसरीवर पालथी केली. काय काय निघाले म्हणता! अर्ध्यावर सोडलेल्या वह्या, बोटभर पेन्सिली, दोन कंपासपेट्या आणि त्यांत मिळून एक कर्कटक. वह्यांतली कोरी पाने आम्ही टाके उसवून वेगळी केली, सारख्या आकाराची लावली आणि दाभणाने शिवली. अकरा वह्या झाल्या. कच्च्या कामाला आणि पाढ्यांना तेवढ्या पुरल्या. पक्क्या वह्या तालुक्याहून डझनावर आणल्या. वहीचे पुठ्ठे पाहून भुलू नये, पाने मोजावीत. दोन वह्या दिसायला सारख्या असतात आणि पानांत बराच फरक निघतो. आणि हो, 2025 च्या सप्टेंबरपासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी उठला आहे, तेव्हा बिल बघून घ्यावे.

नववीची पुस्तके शेजारच्या आळीतल्या मुलीकडे होती. ती दहावीत गेली होती. तिच्या आईला पैशांऐवजी हरभरा चालला. पाच शेर हरभऱ्यात सगळा संच घरी आला. थोरलीने तो जुन्या वर्तमानपत्राची कव्हरे घालून असा जपला की पुढे आमच्या थोरल्यानेही त्याच पुस्तकांवर नववी केली.

पण जुन्या पुस्तकांत मी एकदा फसलेही. 2017 च्या मे महिन्यात तिसऱ्यासाठी असाच संच अर्ध्या किमतीत घेऊन ठेवला, हुशारी म्हणून. शाळा उघडली तर नववीचा अभ्यासक्रमच बदललेला! पैसे गेले, वर जाऊबाईंचे हसू. तेव्हापासून आधी गुरुजींना विचारते, मगच पुस्तकाला हात लावते.

कपड्यांचे म्हणाल तर शिंप्याला माया जास्त सोडायला सांगायची. झग्याला खाली चार बोटे दुमड असली तर दोन साल निघतात. दुमड उसवल्यावर जुन्या रेघेचा पट्टा दिसतो, त्यावर मी रंगीत फीत लावते. बूट मात्र मोठ्या मापाचे घेऊ नयेत. कापूस कोंबून घातलेल्या बुटाने आमच्या मधल्याच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. तिथली काटकसर मला पटत नाही.

सगळ्यांत जास्त भोगले ते धाकटीने. ती सातवी. तिच्याकडे येईपर्यंत प्रत्येक वस्तूवर चार नावे खोडलेली असत. पाचवीत गेली तेव्हा तिच्या वाट्याला आलेल्या दप्तराचा बंद मी तिसऱ्यांदा शिवत होते. ती जवळ बसून बघत होती. म्हणाली, "काकी, मला नवं काय मिळतं?" जाऊबाईंच्या लेकीने मला असे विचारावे आणि माझ्याजवळ उत्तर नसावे! मी सुई टोचून दोरा ओढत राहिले.

मामंजी तिथेच बाजेवर सुपारी कातरीत होते. काही बोलले नाहीत. पुढच्या आठवडी बाजाराला शेरडाचे करडू विकायला म्हणून गेले आणि दिवेलागणीला परतले, ते खांद्यावर निळे दप्तर अडकवून. सत्तरीचा माणूस, धोतर-टोपी, आणि पाठीवर पोरांचे दप्तर. सारी आळी बघत होती. दप्तर धाकटीच्या पुढ्यात ठेवले आणि आम्हा दोघींकडे वळून म्हणाले, "केवढ्याला आणलं ते विचारू नका."

आम्ही विचारले नाही. वहीत करडाचे पैसे मांडले, तेव्हा ती ओळ मी कोरी सोडली.