कर्जाचा हेतू

बँकेत बावीस वर्षे काढल्यावर माणसाला जगात दोनच प्रकारचे लोक दिसू लागतात : कर्ज मागणारे आणि कर्ज बुडवणारे. पुष्कळदा ती माणसे एकच असतात, फक्त तारखा वेगळ्या.

त्यामुळे समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींचा भाचा रविवारी सकाळी शैक्षणिक कर्जाचे कागद घेऊन आला, तेव्हा पोहे खाता खाता मी आधी त्याचा चेहरा तारण म्हणून चालेल का ते पाहिले. वास्तविक कर्ज मंजूर करणे माझ्या हातात नाही. माझ्या हातात फक्त शिक्का. पण हे शेजाऱ्यांना कशाला सांगा!

मुलगा लातूरकडचा. सिव्हिल इंजिनियर झालेला. आता अमेरिकेत जाऊन आर्किटेक्चरल इंजिनियरिंग शिकणार.

"म्हणजे आर्किटेक्ट की इंजिनियर?" मी विचारले. आम्ही बी.कॉम. माणसे, रकम जमेची की नावेची, हे आधी ठरवून घेतो.

"दोन्हीच्या मधला, काका. घर कसं दिसेल, माणसं आत कशी वावरतील, ते आर्किटेक्ट ठरवतो. आम्ही त्याचा सांगाडा, हवा, उजेड, वीज, पाणी एकमेकांच्या पायात न येता बसवायचं."

आमच्या इमारतीला हा मधला लाभला नसावा. आमच्याकडे दिव्याचे बटण दाराच्या मागे आहे. दार लावल्याशिवाय उजेड पडत नाही.

विद्यापीठाला पाठवायचा निबंधही त्याने वाचायला दिला. स्वतःची पार्श्वभूमी आणि पुढचे ध्येय, असा विषय. पहिलेच वाक्य : 'लहानपणापासून मला गगनचुंबी इमारतींचे आकर्षण होते.'

"तुमच्या गावात सगळ्यात उंच काय रे?"

"पाण्याची टाकी."

"मग?"

तो ओशाळला. "सगळे असंच लिहितात, काका."

"सगळ्यांचं राहू दे. गाव कुठलं तुझं?"

"किल्लारी."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव झोपले होते, आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. इकडे सोलापुरात आमच्या मांडणीवरची भांडी वाजली. मी तेव्हा तेरा वर्षांचा. आई म्हणाली, "मांजर असेल." वडील म्हणाले, "उंदीर असेल." मी कूस बदलून झोपलो.

मिरवणुकीहून यायला उशीर झाला म्हणून त्याचे वडील त्या रात्री पारावरच झोपले होते. पंधरा वर्षांचे. आजी-आजोबा घरात होते.

"भूकंपानं नाही, काका, घरांनी मारलं. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, त्यात गोटे आणि चिखल. आतला पदर बाहेरच्या पदराला आरपार दगडानं बांधलेला नाही. वर माळवदाची माती. सरकारी मोजणीनं जवळजवळ आठ हजार माणसं गेली."

मी काहीच बोललो नाही.

"नंतर नव्या जागी सिमेंटची घरं मिळाली. पक्की आहेत, पण उन्हाळ्यात आत बसवत नाही. आजीचं घर गार होतं म्हणतात. ज्या मातीनं गारवा दिला, तीच अंगावर आली. गार राहील आणि पडणारही नाही, असं दगडमातीचं घर बांधता यायला हवं. तेवढंच शिकायचंय मला."

"मग हेच लिही ना गाढवा! ती गगनचुंबी इमारत पाड आधी."

सोमवारी त्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. 'कर्जाचा हेतू' हा रकाना एका ओळीचा. त्यात मी नेहमीप्रमाणे 'उच्च शिक्षण' लिहिले आणि शिक्का मारला. बावीस वर्षांत तो रकाना मला पहिल्यांदाच अपुरा वाटला.

त्या रात्री स्वैपाकघरात भांडी वाजली. "मांजर असेल," ही झोपेतच म्हणाली.

मी मात्र उठून पाहिले. दार लावून दिवाही लावला.

मांजरच होते. दूध संपवून माझ्याकडे बघत बसले होते.