शून्य आणि कोरा रकाना

जेधे शकावली ज्यांनी चाळली असेल, त्यांना तिची बांधणी आठवत असेल : आधी शक, मास, तिथी, मग घडलेली गोष्ट. काळाला मुख्य धरून नोंद करण्याची ही जुनी रीत. आज संगणकशास्त्र ज्याला 'टाइम सिरीज डेटाबेस' म्हणते, त्याचे मूळ तत्त्व याहून फारसे वेगळे नाही. प्रत्येक ओळीवर वेळेचा शिक्का असतो, नवी ओळ मागच्या ओळीपुढे येते आणि एकदा केलेली नोंद सहसा कोणी बदलत नाही.

आम्हां मराठीच्या प्राध्यापकांचा या प्रकाराशी संबंध आला तो हस्तलिखितांमुळे. महाविद्यालयाकडे आलेल्या पोथ्या काचेच्या दारांच्या कपाटात आहेत. तेथे तापमान व आर्द्रता मोजणारे एक लहान यंत्र दर दहा मिनिटांनी नोंद करते; दिवसाला १४४, वर्षाला ५२,५६०. या नोंदी पोस्टग्रेस आणि तिला जोडलेल्या टाइमस्केल-डीबीत साठतात. काळानुसार त्यांचे तुकडे पाडून ठेवले जातात; आपल्याला मात्र एकच सलग तक्ता दिसतो. वर्षभराने प्रकाश मोजणारे दुसरे यंत्र आले, आणि तक्त्याला 'प्रकाश' हा नवा रकाना जोडणे प्राप्त झाले.

हे काम कमांड लाइनवरून करायचे होते. 'ऑल्टर टेबल'ने आरंभ होणारी एक ओळ लिहायची, 'नक्की ना?' असे विचारणारी चौकट तेथे उघडत नाही. म्हणून प्रथम 'पीजी-डंप'ने सर्व नोंदींची प्रत काढली आणि मग 'बिगिन' लिहिले. पोस्टग्रेसमध्ये रचनेतला बदलदेखील 'कमिट' लिहीपर्यंत कच्चाच राहतो. 'रोलबॅक' म्हटले की तक्ता पूर्ववत होतो.

प्रश्न उरला तो जुन्या ५२,५६० ओळींचा. त्यांच्या नव्या रकान्यात काय असावे? आमच्यातल्याच एका सरांचे म्हणणे, शून्य असू द्यावे. अहवालात कोऱ्या जागा बऱ्या दिसत नाहीत. तसे करणे सोपेही होते. २०१८च्या अकराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस असे ठरावीक मूल्य जुनी प्रत्येक ओळ पुन्हा न लिहिता क्षणात लागू करते.

पण शून्य हेही एक मोजमाप आहे. प्रकाश शून्य म्हणजे काळोख. समजा, मोजलेल्या वर्षाची सरासरी ८० लक्स आली. हस्तलिखितांसाठी सर्वसाधारणपणे ५० लक्सची मर्यादा मानली जाते, म्हणजे शाई फिकी पडण्याचा धोका उघड आहे. आधीच्या वर्षात शून्ये भरली, तर दोन वर्षांची सरासरी ४० होते आणि कपाट सुरक्षित ठरते. पडदे लावण्याचा खर्च मग कोण मंजूर करील? उलट रकाना 'नल', म्हणजे कोरा, ठेवला तर सरासरी काढताना त्या ओळी वगळल्या जातात आणि ८० हा आकडा तसाच राहतो.

आमच्या विषयात ही सावधगिरी परिचयाची आहे. पोथीत कसर लागलेल्या जागी संपादक 'त्रुटित' असे नोंदवतो, स्वतःची ओवी घालत नाही. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, ज्या पाठांबद्दल संपादकांना पुरेशी खात्री नव्हती, त्यांखाली नागमोडी रेघ आहे. विद्यार्थ्यांना आम्ही ती रेघ मुद्दाम दाखवतो. आपल्या तक्त्यात मात्र न पाहिलेल्या वर्षाचा काळोख लिहून ठेवायचा, हे त्या शिकवण्याशी जुळणारे नव्हते.

तरीही कोरेपणाने सगळे भागत नाही. यंत्र नव्हते म्हणून कोरे आणि यंत्र बिघडले म्हणून कोरे, ही दोन्ही 'नल' दिसायला सारखीच. पुढे वाचणाऱ्याने त्यांतला भेद कसा ओळखावा? पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी 'कॉमेंट ऑन कॉलम' अशी आज्ञा आहे. रकान्याला तिने टीप जोडता येते. यंत्र कोणत्या दिवशी बसवले आणि त्यापूर्वी प्रकाशाचे मोजमाप झालेले नाही, एवढे आम्ही त्या टिपेत लिहिले. सरांनी ते मोठ्याने वाचले, तारीख एकदा पडताळली, आणि 'कमिट' त्यांनीच लिहिले. अहवालात त्या वर्षाची जागा आता कोरी आहे. तिच्यामुळे पडद्यांची चर्चा निघाली, तर ती व्हावी अशीच आमची इच्छा आहे.